जुन्या वास्तूतल्या हॉटेलात मांजरासह मुक्काम: आधी खोली, मग मांजर

प्रश्न असा आहे: शहराच्या जुन्या भागात, शंभर-सव्वाशे वर्षांच्या इमारतीत थाटलेल्या एका छोट्या बुटीक हॉटेलात तीन रात्री राहायचं आहे. सोबत चार वर्षांचं, घराबाहेर फारसं न गेलेलं मांजर. हॉटेल स्वतःला 'पेट फ्रेंडली' म्हणवतं. बुकिंग करण्यापासून खोली सोडेपर्यंत काय काय बघायचं?

अशा वेळी बहुतेक जण मांजराची तयारी करतात आणि खोलीची करत नाहीत. खरी गोम खोलीत आहे. नव्या जागेत मांजर आधी लपायला कोपरा शोधतं, नाहीतर बाहेर पडायला वाट. नव्या बांधणीच्या हॉटेलात खिडकी पुरती उघडत नाही, पाइप भिंतीच्या आत असतात, पलंगाखाली फळी ठोकलेली असते. तिथे मांजर लपून लपून जाणार कुठे? जुन्या वास्तूत मात्र खोली गरम करणाऱ्या रेडिएटरच्या पाइपाभोवती मूठभर भोक असतं, फायरप्लेसचं धुराडं वर उघडं असतं, बाथटबच्या बाजूची फळी नुसती टेकवलेली असते आणि लाकडी जमिनीखाली पोकळी असते. मांजराचं डोकं जिथून जातं तिथून त्याचं अंगही जातं. म्हणून नियम एकच: खोली तपासून, भोकं बुजवून झाल्याशिवाय कॅरिअरचं, म्हणजे मांजर न्यायच्या पेटीचं, दार उघडायचं नाही.

एकाच रात्रीचा मुक्काम असेल तर मांजराला नेऊ नका. नवी जागा अंगवळणी पडायच्या आतच परतीची वेळ येते, आणि मांजराच्या वाट्याला नुसता त्रास येतो. घरी येऊन खायला घालणारं, मांजराचा शी-शूचा ट्रे साफ करणारं ओळखीचं माणूस असेल तर दोन रात्रींसाठीही तेच बरं. तीन रात्री किंवा जास्त असतील, मांजर तब्येतीने ठणठणीत असेल, तर नेण्यात अर्थ आहे.

'पेट फ्रेंडली' या शब्दावर विसंबू नका. बहुतेक ठिकाणी नियम कुत्रा डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. फोन करा आणि ठरलेलं सगळं ईमेलवर लिहून घ्या: मांजर चालतं का, जादा आकार रात्रीमागे की मुक्कामामागे, अनामत किती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मांजराला खोलीत एकटं ठेवून बाहेर जायला परवानगी आहे का. ही परवानगी बऱ्याच हॉटेलांत नसते, आणि ते तिथे पोचल्यावर कळलं तर अख्खा बेत कोलमडतो. हॉटेलचं स्वतःचं मांजर आहे का, हेही विचारा. न्यूयॉर्कच्या १९०२ साली सुरू झालेल्या अल्गाँक्विन हॉटेलात कित्येक दशकं एक ना एक मांजर राहत आलंय. अशी परंपरा मोठी लोभस, पण दाराखालच्या फटीतून दुसऱ्या मांजराचा वास आला की तुमचं मांजर दारावर मुताची फवारणी करू शकतं. खोली त्या मांजराच्या वावरापासून लांबची मागायची.

खोली निवडताना मजल्यापेक्षा ती कुठे आहे ते बघा. कॉरिडॉरच्या टोकाची, लिफ्ट, बार आणि स्वयंपाकघरापासून दूरची खोली मागा. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला त्याच्या तिपटीच्याही वर. जुन्या लिफ्टची मोटर आपल्याला जाणवत नसली तरी मांजराला ती झोपू देत नाही. शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार नको. बाथरूमला खरं, कडी लागणारं दार हवं. बुटीक हॉटेलांत टब खोलीतच मांडायची किंवा नुसता काचेचा आडोसा द्यायची फॅशन आहे, म्हणून हे मुद्दाम विचारावं लागतं. एसी आहे की खिडकी उघडूनच हवा घ्यायची, हेही विचारा. आणि बाहेर दुरुस्तीची परांची बांधलेली असेल तर ती खोली सरळ नाकारा. परांचीमुळे खिडकीबाहेर मांजरासाठी आयती वाट तयार होते, शिवाय कामगार कधी खिडकी ढकलतील याचा नेम नाही.

आता विषांबद्दल, कारण इथे हयगय झाली तर जीव जातो. खोलीत स्वागताची फुलं ठेवू नका असं बुकिंगच्या वेळीच सांगा. खऱ्या लिलीचं पान, पाकळी, परागकण, इतकंच काय फुलदाणीतलं पाणीही मांजराच्या मूत्रपिंडांना घातक आहे. अंगावर पडलेले परागकण चाटून साफ केले तरी पुरतं, आणि दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं निकामी होतात. लॉबीत लिलीचा मोठा गुच्छ असेल तर कॅरिअर त्याच्या जवळून नेऊ नका. दुसरं, ढेकूण-पिसवांसाठी खोलीत अलीकडे फवारणी झाली आहे का आणि कशाची, ते विचारा. परमेथ्रिन हे कीटकनाशक कुत्र्याला चालतं, मांजराला मात्र त्याने झटके येतात. तिसरं, जुन्या इमारतीत उंदीर असतात, म्हणून कपाटामागे विषाची आमिषंही असतात. ती आधीच काढून घ्यायला सांगा आणि पोचल्यावर स्वतः बघा. चौथं, सुगंधी तेलाचे डिफ्यूझर. ही तेलं पचवून बाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची क्षमता तोकडी असते. काड्यांची बाटली असेल तर ती आडवी होऊन तेल अंगाला लागतं आणि चाटलं जातं. ती खोलीबाहेर ठेवून द्या.

सामान मोजकं पण नेमकं न्या. तीन रात्रींसाठी एका मांजराला लिटर, म्हणजे ट्रेमध्ये घालायची माती, ३ ते ४ किलो पुरते. घरी वापरता तेच घ्या, आणि त्यात घरच्या ट्रेमधलं मूठभर वापरलेलं मिसळा, म्हणजे नव्या जागेतला ट्रे मांजर वासावरून ओळखतं. घडीचा ट्रे, खाली पसरायला प्लॅस्टिकचा मोठा कागद, बंद होणाऱ्या पिशव्या. खाणं नेहमीचंच, दोन दिवसांचं जास्त. घरचंच पाण्याचं भांडं. न धुतलेली एक चादर. नखं घासायला पुठ्ठ्याचे दोन स्क्रॅचर, एक आडवा, एक उभा. डोक्याला बांधायचा टॉर्च, कमी चिकटणारी मास्किंग टेप, चार-पाच जुने टॉवेल, पुठ्ठ्याचे दोन मोठे तुकडे. डाग पडला तर एन्झाइमचा क्लीनर. लसीकरणाचे कागद, मांजराचा स्पष्ट फोटो, आणि मांजराच्या कातडीखालच्या मायक्रोचिपच्या नोंदीत दिलेला तुमचा फोन नंबर चालू आहे ना याची खात्री. चिपचा १५ अंकी नंबर स्वतःजवळ लिहून ठेवा.

कॅरिअर प्रवासाच्या सकाळी माळ्यावरून काढू नका. निदान दोन आठवडे आधी तो घरात उघडा ठेवा, आत चादर घाला, खाणं तिथेच द्या. मांजराला तो आपलं अंथरुण वाटायला लागला की निम्मं काम झालं. फेलिवेसारखा, मांजराला निवांत करणाऱ्या गंधाचा फेरोमोन स्प्रे वापरायचा असेल तर मांजर आत ठेवण्याच्या पंधरा मिनिटं आधी कॅरिअरमध्ये मारा. त्यातलं अल्कोहोल उडून जायला तेवढा वेळ लागतो. मांजराच्या अंगावर मारायचा नाही. निघण्याआधी तीन-चार तास खाणं बंद, पाणी चालू. मांजर फारच घाबरट असेल तर पशुवैद्याशी गॅबापेंटिन या शांत करणाऱ्या औषधाबद्दल बोला. ते साधारणपणे प्रवासाआधी दोन-तीन तास देतात. पण मात्रा पशुवैद्यानेच ठरवायची, आणि घरी एकदा देऊन परिणाम बघायचा. पहिला डोस प्रवासाच्या दिवशी नको.

हॉटेलात शिरताना कॅरिअरवर चादर टाका आणि तो जमिनीवर ठेवू नका. लॉबीत कुत्रा असू शकतो. दोघं असाल तर एकाने मांजरासह थांबावं, दुसऱ्याने खोली बघून घ्यावी. एकटे असाल तर आधी बाथरूम तपासा, कॅरिअर बंदच ठेवून तिथे ठेवा आणि मग खोलीकडे वळा.

तपासणी उभ्याने होत नाही. टॉर्च लावून गुडघ्यांवर बसा आणि मांजराच्या उंचीवरून खोली बघत भिंतीकडेने एक फेरी मारा. रेडिएटरचा पाइप जमिनीत जातो तिथे बोटं घालून बघा. दोन-तीन बोटं सहज फिरत असतील तर ते भोक टॉवेल घट्ट कोंबून बुजवा. रेडिएटरवर लाकडी झाकण असेल तर त्याच्या मागे किती जागा आहे ते बघा. फायरप्लेसमध्ये टॉर्च वर मारा: धुराड्याची झडप बंद नसेल तर तोंडावर पुठ्ठा उभा करा आणि त्याला बॅग टेकवून ठेवा. बाथटबच्या बाजूची फळी हलवून बघा. सैल असेल तर हॉटेलच्या माणसाला बोलवून स्क्रू मारून घ्या, कारण टबामागून पाइपाची वाट थेट खालच्या मजल्याच्या छतात जाऊ शकते आणि तिथे अडकलेलं मांजर काढायला फरशी फोडावी लागते. वॉश बेसिनखालचं कपाट, भिंतीतल्या कपाटाचा मागचा पत्रा, हवेच्या झरोक्याची सुटलेली जाळी, सगळं बघा.

पलंग उचलून खालून बघायचा. बॉक्स स्प्रिंगच्या, म्हणजे गादीखालच्या स्प्रिंगांच्या पेटीच्या, तळाला पातळ काळं कापड ठोकलेलं असतं. मांजर ते फाडून स्प्रिंगांमध्ये जाऊन बसतं आणि मग चोवीस तास बाहेर येत नाही. कापडाचा कोपरा सुटलेला असेल तर तिथे टॉवेल आणि बॅगा लावून पलंगाखालची जागाच बंद करा. सोफा-कम-बेड किंवा मागे झुकणारी खुर्ची असेल तर मुक्कामभर तिची यंत्रणा उघडूच नका. आत बसलेलं मांजर त्यात चिरडतं.

टेपबद्दल एक सावधगिरी: जुना वॉलपेपर, सोनेरी मुलामा, पॉलिश केलेलं लाकूड यांवर कुठलीही टेप लावू नका, कमी चिकटणारीसुद्धा. काढताना पापुद्रा निघतो आणि तो परत बसत नाही. टाइल, काच, धातू एवढ्यांवरच. बाकी ठिकाणी टॉवेल, पुठ्ठा आणि सामानाचं वजन.

खिडकीला वेगळा वेळ द्या. जुन्या इमारतींत वर-खाली सरकणारी दोन तावदानांची खिडकी बऱ्याचदा असते. ती खालूनच नाही, वरूनही उघडते, आणि वरची फट पडद्यामागे दिसत नाही. मांजर पडद्यावर चढून तिथे पोचतं. तावदानाला चौकटीच्या आत दोरीने वजन बांधलेलं असतं. दोरी कुजलेली असेल तर तावदान अचानक खाली येतं. म्हणून काठी लावून खिडकी उघडी ठेवणं सगळ्यात वाईट. खिडक्यांना लहान मुलांसाठी जो अडसर बसवतात त्यात साधारण १० सेंटिमीटर फट राहते. मांजर त्यातून निघून जातं. फट ४ सेंटिमीटरच्या आत असेल तरच उघडा, नाहीतर तुम्ही खोलीत असताना मांजराला बाथरूममध्ये ठेवून हवा घ्या. वरून आत कलणारी खिडकी त्याहून घातक: मांजर बाहेर उडी मारायला जातं, व्ही आकाराच्या फटीत घसरतं, आणि जितकं धडपडेल तितकं खाली रुतत जातं, मागच्या पायांचा रक्तपुरवठा आणि मज्जारज्जू दोन्ही दाबले जातात. मांजर खोलीत असताना ती खिडकी कलती ठेवायचीच नाही. नक्षीदार कठड्याची गॅलरी कितीही सुरेख असली तरी मांजरासाठी बंद. मांजर उंचावरून पडलं तरी पायांवर उतरतं, हे अर्धसत्य आहे. उतरतं, पण जबडा, छाती आणि पाय मोडून.

खिडकीच्या फळीवरचा जुना रंग पोपडे धरलेला असेल तर त्यात शिसं असू शकतं. मांजर फळीवर बसतं, धूळ पंजांना लागते, पंजे चाटले जातात. ओल्या कपड्याने फळी पुसा, कपडा टाकून द्या, वर टॉवेल अंथरा. पोपडे फारच निघत असतील तर खोली बदलून मागा.

हे सगळं होईपर्यंत पाऊण तास जातो. मग खोलीचे फोटो काढा, विशेषतः जुन्या खुर्च्यांचे पाय, पडद्यांच्या कडा, गालिचाचे कोपरे. तिथे आधीचे ओरखडे असतात आणि निघताना ते तुमच्या खात्यावर जमा होऊ नयेत. भरजरी कापडाची खुर्ची असेल तर ती खोलीतून हलवायला सांगा. हॉटेलवाले आनंदाने नेतात. सोफ्याच्या ज्या कोपऱ्याशी मांजर जाईल असं वाटतं, तिथेच उभा स्क्रॅचर टेकवा.

आता बाथरूममध्ये जाऊन दार लावा. एका टोकाला ट्रे, त्यात ५ सेंटिमीटरभर लिटर. दुसऱ्या टोकाला पाणी आणि थोडं खाणं. कमोडचं झाकण बंद. कॅरिअरचं दार उघडा आणि बाजूला बसा. ओढून काढू नका, हाका मारू नका. कुणी दहा मिनिटांत बाहेर येतं, कुणी चार तासांनी. खाल्लं किंवा ट्रे वापरला की बाथरूमचं दार उघडायचं, आणि कॅरिअर खोलीत, दारापासून हात पुरेल अशा ठिकाणी, उघडाच ठेवायचा. पहिल्या रात्रीपर्यंत ते बाथरूममध्येच राहिलं तरी हरकत नाही.

मुक्कामातला सगळ्यात मोठा धोका तुमच्या हातात नसतो: दुसऱ्याच्या हातातली चावी. दारावर कुलपाच्या उंचीवर मोठ्या अक्षरांत लिहा: 'आत मांजर आहे, दार उघडू नका'. 'डू नॉट डिस्टर्ब'ची पाटी पुरत नाही, कारण दुपारनंतर तिच्याकडे कानाडोळा होतो. रिसेप्शनला सांगून खोलीची सफाई बंद ठेवा किंवा वेळ ठरवून घ्या, आणि त्या वेळी मांजर कॅरिअरमध्ये, तुमच्या हातात. बुटीक हॉटेलात संध्याकाळी पांघरूण उलगडून द्यायला माणूस येतो, मिनीबार भरायला वेगळा येतो, दुरुस्तीवाला आणखी वेगळा. तिघांचीही नावानिशी मनाई करा, कारण 'सफाई नको' म्हटल्यावर यातलं काहीच थांबत नाही.

फायर अलार्मची चाचणी कोणत्या दिवशी असते ते विचारून ठेवा. खरा अलार्म वाजला तर मांजर पलंगाखाली जाणार, हे धरून चाला. पलंगाखालची जागा आधीच बंद केली असेल तर ते कॅरिअरमध्येच सापडण्याची शक्यता जास्त. कॅरिअरपर्यंत पोचता येत नसेल तर उशीचा अभ्रा उलटा हातावर घाला, मांजराला मानेच्या कातडीशी आणि मागच्या पायांशी धरून त्यात घ्या, तोंड आवळा आणि जिन्याने उतरा.

पहिला दिवस मांजराला एकटं सोडू नका. दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासाने सुरुवात करा, कॉरिडॉरमध्ये थांबून आवाज ऐका. शांत असेल तर दोन-तीन तास बाहेर जायला हरकत नाही. जाताना मोबाइल नंबर रिसेप्शनला द्या. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळ्यात जागं असतं, आणि जुन्या इमारतीत भिंती जाड असल्या तरी दारं पातळ असतात. झोपण्याआधी पंधरा मिनिटं दोरीच्या खेळण्याने दमवा, लगेच दिवसाचं मोठं जेवण द्या. दाराखालच्या फटीला टॉवेलची गुंडाळी लावा. तिने आवाज, उजेड आणि वास तिन्ही अडतात. खेळणं झालं की दोरी बॅगेत, कारण गिळलेली दोरी आतड्यांना कापत जाते.

लिटर कमोडमध्ये टाकू नका, पाकिटावर चालतं असं लिहिलं असलं तरी. जुने पाइप अरुंद असतात आणि गोळे होणारी माती पाण्यात फुगते. पिशवीत बांधून रोज रिसेप्शनला विचारून बाहेरच्या कचऱ्यात.

गालिचावर लघवी झालीच तर चोळू नका. टॉवेल दाबून टिपा, एन्झाइम क्लीनर भरपूर ओता, बाटलीवर लिहिलेला वेळ राहू द्या, मग टिपा. अमोनियाचा क्लीनर मांजराला लघवीसारखाच वाटतो आणि ते पुन्हा तिथेच जातं. संगमरवरावर व्हिनेगर नको, झिलई जाते. आणि हॉटेलला लगेच सांगा. ताजा डाग निघतो, लपवलेला लाकडात उतरतो.

मांजर दिसेनासं झालं तर आधी दार, मग खिडक्या बंद. पहिल्यांदा पलंगाच्या आतून बघा, मग टबाची फळी, खणांच्या मागची पोकळी, धुराडं. सापडत नसेल तर जमिनीवर भोकांसमोर पिठाचा पातळ थर पसरा, मध्ये उग्र वासाचं खाणं ठेवा, दिवे मालवून गप्प बसा. पंजांचे ठसे वाट सांगतात. कॉरिडॉरमध्ये निसटलं तर पळू नका आणि नाव घेऊन ओरडू नका. रिसेप्शनला फोन करून मुख्य दार, जिन्याची दारं आणि स्वयंपाकघर बंद करायला सांगा, मग त्याच मजल्यावरचे खालचे, अंधारे कोपरे बघा. घाबरलेलं घरचं मांजर बहुधा लांब जात नाही. जवळच्या पहिल्या आडोशाला दडतं.

तब्येतीच्या बाबतीत वाट बघायची मर्यादा ठरलेली असू द्या. पहिला दिवस कमी खाल्लं तर चालतं. पूर्ण चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर पशुवैद्याला फोन, विशेषतः मांजर लठ्ठ असेल तर, कारण उपाशी राहिल्याने यकृतात चरबी साचते. बोका ट्रेमध्ये वारंवार बसतोय, कण्हतोय आणि लघवी होत नाही, तर मूत्रमार्ग तुंबल्याची शक्यता धरून त्याच तासाला दवाखाना गाठा. सकाळची वाट बघायची नाही. तोंड उघडं टाकून धापा टाकणं हीही तितकीच तातडीची खूण. चोवीस तास उघडा असलेला जवळचा दवाखाना कुठे आहे, ते निघण्याआधीच शोधून नंबर लिहून ठेवा.

निघायच्या दिवशी पहिली बॅग भरायला काढण्याआधी मांजराला ट्रे आणि कॅरिअरसह बाथरूममध्ये बंद करा. बॅगा दिसल्या की ते लपतं, आणि टॅक्सी दारात उभी असताना बॉक्स स्प्रिंगमधून मांजर काढणं कुणालाच जमत नाही. मांजर कॅरिअरमध्ये गेल्यावरच बुजवलेली भोकं मोकळी करा, टेप सावकाश सोलून काढा, गादी आणि गालिचावरून केसांचा रोलर फिरवा, आणि आल्या दिवशी काढले होते त्याच जागांचे फोटो पुन्हा काढून किल्ली द्यायच्या वेळी दोन्ही दाखवा.